गँगरीनवर चिनी काढा द्यावा का? आधी पायात रक्त किती पोचतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 64 वर्षांचे, 15 वर्षांपासून मधुमेह, बिडी तरुणपणापासून. उजव्या पायाची करंगळी तीन आठवड्यांपूर्वी निळसर झाली आणि आता काळी पडली आहे. साताऱ्यातल्या सर्जननी बोट काढायला सांगितलंय, शिवाय पावलाचा पुढचा भागही कदाचित जाईल असं म्हणालेत. तुमच्या सिंगापूरच्या मावसभावाला चार वनस्पतींच्या एका चिनी काढ्याची माहिती मिळाली आहे आणि तो पाकिटं पाठवायला तयार आहे. महिनाभर काढा देऊन बघावा का, आणि तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिनी औषधपद्धती चीनमध्ये जाऊन शिकले, तिथल्या एका सरकारी रुग्णालयात पायाच्या रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात काम केलं आणि आता मेलबर्नला याच विषयाची प्रॅक्टिस करते. इथे 2012 पासून या व्यवसायाची देशपातळीवर नोंदणी होते. म्हणजे मी काढा देणाऱ्यांच्याच बाजूची आहे, त्याला नावं ठेवण्यात माझा काही फायदा नाही. तरीही माझं उत्तर सरळ आहे: काढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका. ऑपरेशन लगेच हवं की चार दिवसांनी, बोटापुरतं की जास्त, हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. त्या तुम्हाला तपासून घ्यायला लागतील.

पहिली गोष्ट कटू आहे. काळी पडलेली करंगळी परत जिवंत होत नाही. ॲलोपॅथीनं नाही, आयुर्वेदानं नाही, चिनी औषधानंही नाही. मेलेलं मांस मेलेलंच राहतं. तेव्हा ‘बोट वाचेल का’ हा प्रश्न मागे पडलाय. आता प्रश्न आहे तो मेलेल्या आणि जिवंत भागातली सीमारेषा करंगळीच्या मुळाशी थांबते, पावलात शिरते, की घोट्याच्या वर चढते, हा. आणि ती कुठे थांबणार हे दोनच गोष्टी ठरवतात: तिथवर रक्त किती पोचतंय आणि जंतुसंसर्ग आहे की नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही आजच घरी, चांगल्या उजेडात बघू शकता. करंगळी कोरडी, सुरकुतलेली, टणक आहे का? काळ्या आणि चांगल्या कातडीमध्ये स्पष्ट रेघ दिसते का? तसं असेल तर ते कोरडं गँगरीन. त्यात सहसा थोडा वेळ मिळतो, तपासण्या करायला तो पुरतो. पण बोट ओलसर, सुजलेलं असेल, वास येत असेल, लाली पावलावर चढत असेल, ताप असेल किंवा शुगर अचानक आवरेनाशी झाली असेल, तर ते ओलं गँगरीन आहे. मग हे उत्तर पुढे वाचत बसू नका, आत्ता रुग्णालयात न्या. कातडीखाली दाबल्यावर करकर लागली तर मिनिटांचाही उशीर नको. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे ‘दुखत तर काही नाही’ यावर अजिबात विसंबू नका. न दुखणारा पाय हा जास्त धोक्याचा.

तिसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची. सर्जननी पायाचा डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, केला का? घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर, ज्याला एबीआय म्हणतात, ते काढलं का? निरोगी माणसात ते साधारण 1 ते 1.4 असतं. 0.9 च्या खाली गेलं की धमन्या अरुंद झाल्यात असं समजायचं, 0.4 च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. एक मेख आहे. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या इतक्या ताठ होतात की पट्टा फुगवूनही दबत नाहीत, आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं, कधी 1.4 च्याही वर. म्हणून मधुमेहींमध्ये पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा मोजतात. तो 30 मिलिमीटरच्या खाली असेल तर नुसतं बोट कापून जखम भरेल अशी आशा धरता येत नाही. बोट काढल्यावर जखम भरत नाही, मग पुढचं पाऊल काढतात, तेही भरत नाही, मग गुडघ्याखाली. ‘पाय हळूहळू कापत नेला’ असं जे लोक सांगतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वरची अडलेली धमनी आधी कुणी उघडलेलीच नसते.

म्हणून रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं दुसरं मत जरूर घ्या. साताऱ्यात सोय नसेल तर पुणं लांब नाही. त्यांना नेमकं एवढंच विचारा: बोट काढण्याआधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून खाली रक्त नेता येईल का? मधुमेहात अडथळे बरेचदा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत असतात, बिडी-सिगारेटवाल्यांत जास्त करून मांडीत आणि ओटीपोटात. तुमच्या वडिलांचं दोन्ही आहे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

आता काढ्याकडे वळते. तुमच्या भावानं चार वनस्पती म्हटलंय, म्हणजे तो बहुधा ‘स्स-म्याव योंग-आन थांग’ असणार. हा काढा भोंदूगिरीचा नाही, त्याला इतिहास आहे. 1846 साली बाव श्यांग-आव यांनी संकलित केलेल्या अनुभविक औषधांच्या संग्रहात तो दिलेला आहे आणि आजही चीनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात. त्यात जीन-यीन-ह्वा म्हणजे हनीसकल वेलीच्या न उमललेल्या कळ्या, श्वान-शन नावाचं मूळ, दांग-ग्वी नावाचं मूळ आणि आपलं ज्येष्ठमध असतं. ज्या आजारावर तो दिलाय त्याला चिनी वैद्यक ‘थ्वो-ज्यू’ म्हणतं. वर्णन वाचलं तर अंगावर काटा येतो, इतकं ते आपल्या गँगरीनशी जुळतं: बोट आधी पांढरं पडतं आणि भयंकर ठणकतं, किंवा बाजरीच्या दाण्याएवढा पिवळा फोड येतो, मग कातडी शिजवलेल्या तांबड्या बोरासारखी होते, काळेपणा हटत नाही आणि शेवटी पेरं एकेक करून गळतात.

या काढ्याबद्दल इंटरनेटवर सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे त्याची मात्रा. मुळातलं प्रमाण तीन, तीन, दोन आणि एक ल्यांग, हे जुनं चिनी वजनाचं माप. आजच्या हिशेबात 90 ग्रॅम कळ्या, 90 ग्रॅम श्वान-शन, 60 ग्रॅम दांग-ग्वी, 30 ग्रॅम ज्येष्ठमध. एका दिवसाचे 270 ग्रॅम! कळ्या इतक्या हलक्या असतात की 90 ग्रॅमांत मोठं पातेलं भरतं आणि त्या पाण्यावर तरंगत राहतात, पळीनं सारख्या खाली दाबाव्या लागतात. श्वान-शनचे काप आतून डांबरासारखे काळे आणि चिवट, त्यांनी पाणी शाईसारखं होतं. दांग-ग्वीचा वास सेलरीसारखा घरभर पसरतो. मूळ पाठातच बजावलंय की मात्रा कमी करायची नाही, कमी केली तर गुण येत नाही, आणि ओळीने दहा दिवस द्यायचा. आता भाऊ जे पाठवणार आहे ते काय असेल? बहुधा रोज दोन कॅप्सूल किंवा चहाचा चमचाभर पावडर. त्याचा आणि त्या पातेलंभर काढ्याचा काही संबंध नाही. आणि खरंच पूर्ण मात्रा द्यायची म्हटलं, तर 64 वर्षांच्या मधुमेहीला ती देखरेखीशिवाय देणं मला तरी मान्य नाही. कारण पुढे सांगते.

याहून मोठी अडचण म्हणजे हा काढा सगळ्या गँगरीनसाठी नाहीच. चिनी पद्धतीत निदान रोगाच्या नावावर थांबत नाही. पायाची एकच काळी करंगळी चार रुग्णांत चार प्रकारची असू शकते. पाऊल लाल, गरम, सुजलेलं, ठणका असह्य, जीभ लाल आणि कोरडी, नाडी जलद, असं चित्र असेल तर त्याला उष्ण विषाचा प्रकार म्हणतात. वरचा काढा फक्त त्यासाठी. हनीसकल आणि श्वान-शन दोन्ही आमच्या शास्त्रात थंड. पण पाऊल बर्फासारखं गार, पांढुरकं, रुग्णाला रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच बरं वाटतं, जिभेवर पांढरा थर, नाडी दोऱ्यासारखी बारीक, असं असेल तर हाच काढा चुकीचा. तिथे ‘दांग-ग्वी स्स-नी थांग’ किंवा ‘यांग-ह थांग’ यांसारखे उष्ण काढे विचारात घेतात. पहिला सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या जांग जोंग-जिंग यांचा, थंड हातपाय आणि बारीक नाडीसाठीचा. दुसरा 1740 च्या वांग वेइ-द यांचा, त्यात दालचिनी आणि भाजलेली सुंठ असते. आणि जखम महिनोन्महिने फिकट राहून भरत नाही, माणूस खंगलाय, अशा वेळी ताकद भरून काढणारी औषधं, त्यांत ह्वांग-छी नावाचं मूळ मुख्य. म्हणजे ‘गँगरीनवरचा चिनी काढा’ अशी एक वस्तू नसतेच. जिभेचा फोटो न मागता, नाडी न बघता कुणी ते पाकीट पाठवत असेल, तर तो चिनी पद्धतीनंही उपचार करत नाहीये.

मग लोक सांगतात त्या पाय वाचल्याच्या गोष्टी सगळ्या खोट्या का? नाही. त्यांत एक आजार वारंवार येतो, बर्गरचा आजार. अमेरिकेतल्या लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. साधारण पंचेचाळिशीच्या आतले, तंबाखू ओढणारे पुरुष, हातापायाच्या छोट्या-मध्यम धमन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात. भारतात, चीनमध्ये, एकूण आशियात तो जास्त दिसतो. चीनमध्ये या आजारावर वरचा काढा खूप वापरला गेला आणि त्याची कीर्ती मुख्यत: तिथून आली. पण बर्गरमध्ये तंबाखू पूर्ण सुटली, अगदी एकही नाही, तर आजार बहुतेकदा तिथेच थांबतो. रुग्णालयात महिनाभर राहिलेल्या रुग्णाची बिडीही सुटते आणि काढाही चालू असतो. मग श्रेय कोणाचं? मी वॉर्डात हे जवळून बघितलंय: वेदना कमी व्हायच्या, जखमा भरायच्या, आणि घरी जाऊन परत ओढायला लागलेला माणूस दुसऱ्या बोटासह परत यायचा. काढा तोच असायचा.

दुसरा प्रकार म्हणजे कोरडं बोट आपोआप गळून पडणं. रक्तपुरवठा बरा असेल तर सीमारेषा पक्की होते आणि मेलेलं टोक काही आठवड्यांनी सुटतं. त्या काळात जे काही पोटात घेतलं असेल त्याला यश मिळतं. तिसरा प्रकार मधुमेही पायाचा, जिथे नाड्या चांगल्या लागतात आणि काळेपणा मुख्यत: जंतुसंसर्गामुळे आलेला असतो. तिथे पू काढून, मेलेलं मांस थोडंथोडं छाटून, अँटिबायोटिक देऊन पाय वाचतो. चिनी रुग्णालयांतही हेच करतात, आणि सोबत काढा देतात. मला विचाराल तर जखम भरण्याच्या टप्प्यावर, वेदना आणि भूक यांवर काढ्यांचा उपयोग होतो असं माझं निरीक्षण आहे. पण या काढ्यांवरचे बरेच अभ्यास लहान आणि तुलनेच्या बाबतीत ढिले आहेत, तेव्हा माझं निरीक्षण पुरावा म्हणून पुढे करणार नाही. काढ्यानं बंद धमनी उघडते असं तर मी म्हणणारच नाही. कालवा वरच फुटला असेल तर शेवटच्या वाफ्यात कितीही चांगलं खत टाकलं तरी उपयोग काय?

आणि ‘चिनी पद्धतीत कापत नाहीत’ हा समज तर पार चुकीचा. ह्वांग-दी नेइ-जिंग या चिनी वैद्यकाच्या आद्य ग्रंथाच्या लिंग-शू भागात, म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासच्या पाठात, 81 व्या प्रकरणात पायाच्या बोटाच्या या रोगाबद्दल लिहिलंय की तो ओसरत नसेल तर ताबडतोब छाटा, नाहीतर रुग्ण दगावेल. 1617 साली छन श-गोंग या शल्यवैद्यांनी रीतसर पद्धत दिली आहे: दहा-बारा केस घेऊन बोटाच्या मुळाशी वेढे द्यायचे, हळूहळू आवळत जायचं, म्हणजे विष चांगल्या मांसात शिरणार नाही, आणि मग सांध्यापाशी कापायचं. आजच्यासारखी भूल नाही, अँटिबायोटिक नाही, तरी ते कापायला सांगत होते. तुमच्या सर्जनचा सल्ला त्या परंपरेच्या विरोधात नाही.

आता धोके. वडील रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, घेत असतील, कदाचित वॉरफरिनही. दांग-ग्वी आणि दान-शन ही रक्ताभिसरणाची लाडकी चिनी औषधं वॉरफरिनबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. ऑपरेशनच्या तोंडावर हे परवडत नाही. ज्येष्ठमध आपल्याला घरचं वाटतं, पण रोज 30 ग्रॅम, तेही दिवसेंदिवस, म्हणजे रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरतं, पायावर सूज येते. लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी चालू असेल तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट मूत्रपिंडाची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातलं मूळ गेलं आणि शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. रक्ताभिसरणाच्या ज्या उष्ण काढ्याचा वर उल्लेख केला, दांग-ग्वी स्स-नी थांग, त्यातल्या मू-थोंग या घटकाच्या जागीही बाजारात याच कुळातली ग्वान-मू-थोंग सर्रास वापरली जायची. चीननं ती 2003 मध्ये औषधांतून काढून टाकली. जुना साठा किंवा बिनलेबलचं पाकीट मात्र तारीख सांगत नाही. काही उष्ण काढ्यांत फू-ज म्हणजे आपल्या बचनागाच्या जातीचं मूळ असतं, ते नीट शिजलं नाही तर हृदय थांबवू शकतं. जखमेवर लावायच्या काही पारंपरिक मलमांत पाऱ्याचे क्षार असतात, ‘मांस आणणारं तांबडं मलम’ म्हणून जे प्रसिद्ध आहे त्यातही. उघड्या जखमेवर पारा लावायचा का, हे तुम्हीच ठरवा. आणि हो, कुणी सांगितलं की हनीसकल म्हणजे आपली मधुमालती, तर अंगणातल्या वेलीच्या कळ्या तोडू नका. ती वेगळ्या कुळातली आहे.

वडिलांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, किती आहे ते आज शोधून ठेवा. अँजिओग्राफीत वापरायचं द्रव्यही मूत्रपिंडावर ताण आणतं, त्यामुळे सर्जनला तो आकडा लागेलच. अँजिओग्राफीच्या आदल्या आठवड्यात अनोळखी काढा पोटात गेलेला नसावा.

तोवर घरी काय करायचं? बोट कोरडं ठेवा. भिजवणं, शेकणं, गरम पाण्याची पिशवी, हळद-चुना, हर्बल पाण्यात पाय बुडवणं, यातलं काही नको. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही, आणि कोरडं गँगरीन ओलं करण्याइतकी मोठी चूक नाही. बोटांमध्ये स्वच्छ गॉज ठेवा, टाच गादीवर घासणार नाही अशी उशी पोटरीखाली द्या, अनवाणी चालू देऊ नका. बिडी आजपासून बंद, ‘दोनच ओढतो’ हेही नाही. शुगर आणि रक्तदाबाची औषधं चुकवू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू नसेल तर ती का नाही, हे डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशन झाल्यावर, रक्तपुरवठा सुधारल्यावर, जखम भरायला आळस करत असेल आणि वडिलांना चिनी काढा घ्यायचाच असेल, तर तेव्हा पुन्हा लिहा. मग मला गोळ्यांची यादी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, जिभेचा दिवसाच्या उजेडातला फोटो आणि जखमेचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो लागेल. आणि जो काही काढा ठरेल तो आधी त्यांच्या सर्जनला दाखवायचा, लपवून द्यायचा नाही.

भावाला सध्या एवढंच कळवा की पाकिटं पाठवू नकोस. त्याला मदत करायचीच असेल तर त्या पैशात पुण्याच्या तपासण्या होतील. आणि डॉपलरला जाल तेव्हा डाव्या पायाचाही करून घ्या. बरेचदा दुसऱ्या पायाच्या धमन्याही तेवढ्याच खराब असतात, फक्त तिथलं बोट अजून काळं पडलेलं नसतं.